सेकंड हँड स्पोर्ट्स कार: जाहिरात कशी वाचायची आणि डीलर कसा जोखायचा

माझ्या मोबाइलमधे अजून एक फोल्डर आहे, दीड वर्षात सेव्ह केलेल्या जाहिरातींच्या स्क्रीनशॉट्सचा. पोर्शे बॉक्स्टर, केमन, ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड-फोर, सगळ्या दोन दारांच्या आणि सगळ्या चकाचक. त्यातल्या अकरा गाड्या मी प्रत्यक्ष जाऊन बघितल्या, पुण्याहून मुंबईला कितीदा गेलो आणि एकदा तर सुट्टी टाकून बंगळुरूला, आणि आज मागे वळून बघितलं तर त्यातल्या आठ गाड्या घरी बसून अर्धा तास नीट शोधाशोध केली असती तर बघायला जायचीच गरज नव्हती. त्या आठांचा अनुभव इथे सविस्तर लिहितोय, कारण हॅचबॅक घेताना चूक झाली तर पन्नास हजारात निस्तरता येते, इथे एका गिअरबॉक्सचं बिल एखाद्या नव्या छोट्या गाडीएवढं येऊ शकतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. गाडी समोर उभी राहिली, छप्पर उघडलं, इंजिन सुरू झालं की आपलं डोकं चालत नाही, कोणाचंच चालत नाही. म्हणून डोकं चालवायचं सगळं काम गाडी बघायच्या आधी उरकायचं. आणि पद्धत एकच, जाहिरातीतल्या प्रत्येक दाव्यामागे एक कागद मागायचा. कागद आला तर पुढे जायचं, नाही आला तर ती गाडी सोडायची, कितीही आवडली तरी.

पहिलं काम: फोटो

जाहिरात उघडली की आधी मजकूर वाचू नका, फोटो मोठे करून बघा. नंबर प्लेट झाकलीये का? डीलर लोक प्लेट झाकतात त्यात लगेच काळंबेरं आहे असं नाही, पण फोनवर विचारल्यावर पण नंबर द्यायला टाळाटाळ केली तर विषय संपला. नंबरशिवाय पुढचं काहीच तपासता येत नाही.

मग टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३११८ असेल तर २०१८ च्या ३१ व्या आठवड्यात बनलेला टायर. फोटोत दिसत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर चारही टायरचे क्लोजअप मागवा. पोर्शेसाठी मंजूर केलेल्या टायरवर एन-झिरो, एन-वन असा शिक्का असतो, बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी, ऑडीच्या टायरवर एओ. चार चाकांना तीन कंपन्यांचे टायर दिसले की समजायचं मालकाने गाडीवर खर्च करताना हात आखडता घेतलाय, आणि जो टायरला आखडता घेतो तो गिअरबॉक्स ऑइलला काय करत असेल ते तुम्हीच समजा. मला तरी हा एकच फोटो बाकीच्या वीस फोटोंपेक्षा जास्त सांगून जातो.

बॉनेट आणि बंपरमधली फट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, हेडलाइट एक पिवळट आणि एक नवाकोरा आहे का, फोटो सगळे एकाच दिवशी काढलेत का, हे बघा. गाडी ओली करून काढलेले फोटो असतील तर कोरड्या गाडीचे उन्हातले मागा, ओल्या पत्र्यावर रंगातला फरक आणि ओरखडे लपतात. इंटरनेटवर फोटोवरून शोधायची सोय आहे ती वापरा, तीच गाडी दुसऱ्या शहरात दुसऱ्या डीलरकडे सहा महिन्यांपूर्वी वेगळ्या किलोमीटरला लागलेली मला दोनदा सापडलीये.

दुसरं: शब्द

'नॉन अ‍ॅक्सिडेंटल', 'डॉक्टर ओन्ड', 'शोरूम कंडिशन', 'जेन्युइन किलोमीटर', हे शब्द प्रत्येक जाहिरातीत असतात त्यामुळे त्यांना काही किंमत नाही. किंमत तपशिलाला आहे. 'मागच्या सर्व्हिसला ब्रेक पॅड आणि डिस्क बदलल्या, बिल आहे' असं एक वाक्य ज्या जाहिरातीत असेल ती गाडी आधी बघायला जा.

'२०१६ मॉडेल' लिहिलं असेल तर विचारा, बनली कधी आणि रजिस्टर कधी झाली. या गाड्या बाहेरून तयार येतात आणि शोरूममधे पडून राहतात, त्यामुळे २०१४ ला बनलेली गाडी २०१६ ला रजिस्टर झालेली असू शकते. आरसीवर दोन्ही तारखा असतात. विकणारा रजिस्ट्रेशनचं वर्ष सांगतो, तुम्ही उद्या विकायला जाल तेव्हा समोरचा बनल्याचं वर्ष धरून भाव पाडणार.

'स्टेज टू', 'फुल सिस्टिम एक्झॉस्ट', 'पॉप्स अँड बँग्स', म्हणजे इंजिनची ताकद आणि सायलेन्सरचा आवाज वाढवायला केलेले बदल, हे वाचून काहीजण खूश होतात, मी लांब राहतो. एकतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरबदल चालत नाहीत, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले त्यावर बोट ठेवू शकतात, आणि दुसरं म्हणजे ट्यून केलेली गाडी कोणी हळू चालवायला ट्यून करत नाही. बदल केलेच असतील तर मूळ पार्ट सोबत मिळणार का ते विचारा.

बाजारभावापेक्षा खूपच कमी किंमत, विकणारा म्हणे लष्करात किंवा सीआयएसएफमधे, बदली झालीये, गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमधे आहे, थोडे पैसे टाका की ट्रान्सपोर्टने पाठवतो, हा जुना फ्रॉड आहे. ओळखपत्राचा फोटो पाठवतील तोसुद्धा दुसऱ्याच कोणाचातरी असतो. गाडीला हात लावल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही.

तिसरं: नंबर मिळाला की

सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. रजिस्ट्रेशनची तारीख, कोणतं आरटीओ, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, फायनान्सचा बोजा आहे का, एवढं तिथेच दिसतं. आरसीचा फोटो मागवून त्यावर ओनर सिरियल, म्हणजे आत्ताचा मालक कितवा, ते बघा, 'सिंगल ओनर' म्हणून सांगितलेली गाडी आरसीवर तिसऱ्या मालकाकडे असल्याचं मी स्वतः बघितलंय. रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर फिटनेस करून ५-५ वर्षांनी वाढवावं लागतं, त्यामुळे २०११ ची बॉक्स्टर स्वस्तात मिळतेय तर ती कोणत्या तारखेला १५ वर्षांची होतेय ते आधी मोजा.

मग ई-चलान. लोक चलान फक्त थकबाकी बघायला उघडतात पण त्यात त्याहून बरंच काही असतं. महाराष्ट्रातल्या चलानवर बऱ्याचदा फोटो असतो, तारीख असते, ठिकाण असतं. 'गाडी फक्त रविवारी सकाळी निघते' असं मालक म्हणत होता आणि चलानं सगळी आठवड्याच्या मधल्या वारांची, संध्याकाळी सातची, एकाच सिग्नलची. म्हणजे गाडी रोज ऑफिसला जात होती. रोज वापरण्यात वाईट काही नाही, उलट उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी बरी, पण माणूस खोटं बोलला ना, मग किलोमीटरबद्दल पण त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा.

इन्शुरन्सची पॉलिसी मागवा, शक्यतो मागच्या तीन वर्षांच्या. त्यात नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते बघा. क्लेम घेतला नाही तर हा बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. एकाच मालकाकडे सात वर्षं असलेली गाडी आणि पॉलिसीवर बोनस शून्य किंवा २० टक्के दिसला तर मधे बहुतेक क्लेम झालाय, मग शांतपणे विचारायचं की काय झालं होतं. पावसात अंडरबॉडी घासली असेल, मागून रिक्षा लागली असेल, सांगितलं आणि बिल दाखवलं तर काही हरकत नाही. 'क्लेमच नाही झाला साहेब' म्हणाला तर निघायचं.

परराज्यातली पासिंग

स्पोर्ट्स कारमधे हा विषय मोठा आहे. महाराष्ट्रात रोड टॅक्स भारी, त्यामुळे पुदुच्चेरी, हिमाचल, झारखंड अशा पासिंगच्या गाड्या इथे भरपूर दिसतात आणि जाहिरातीत त्या दोन-चार लाखांनी स्वस्त वाटतात. तो फरक तुमच्या खिशातून जाणार आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर पुन्हा रजिस्ट्रेशन करावं लागतं, त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि मग इथला टॅक्स गाडीच्या वयानुसार. कंपनीच्या नावावर घेणार असाल तर टॅक्सचा दर आणखी जास्त लागतो. म्हणून भाव बोलायच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन त्या मॉडेलला किती टॅक्स बसेल ते विचारून या, एजंटने फोनवर सांगितलेला आकडा धरून चालू नका. डीलर म्हणेल 'एनओसी आम्ही काढून देऊ, पंधरा दिवसांत', तर त्याला सांगा एनओसी हातात आली की उरलेले पैसे.

बुडालेली गाडी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हापासून मुंबईकर गाडी घेताना हे विचारतात, पण आता फक्त मुंबईची गाडी तपासून भागत नाही. सप्टेंबर २०२२ मधे बंगळुरूत बंगल्यांच्या सोसायट्यांमधे महागड्या गाड्या पाण्यात गेल्या, डिसेंबर २०२३ मधे मिचॉंग वादळात चेन्नईत तेच झालं. टोटल लॉस झालेल्या, म्हणजे इन्शुरन्सने दुरुस्तीच्या पलीकडे ठरवलेल्या, गाड्या लिलावात विकल्या जातात, कोणीतरी त्या घेतं, धुतं, वायरिंग जोडतं आणि दुसऱ्या राज्यात विकतं. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली असते, जिथे एसयूव्हीच्या पायरीला पाणी लागतं तिथे हिच्या सीटखाली शिरलेलं असतं. म्हणून गाडी त्या शहरातली असेल तर त्या महिन्यानंतरची सर्व्हिस बिलं आणि पॉलिसी बघाच. प्रत्यक्ष बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, तळाशी चिखलाची रेघ राहिलेली असते, सीटच्या रुळांना गंज, डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेले, आणि गाडीत भरमसाट परफ्युम मारलेला असेल तर गालिचा उचलायला सांगा.

आता डीलर

मी आधी डीलर म्हणजे त्याचं शोरूम बघायचो, काचा, लाइट, कॉफी. माझ्या चुलतभावाने अशाच एका चकचकीत शोरूममधून टीटी घेतली, डिलिव्हरीला हार, केक, फोटो, सगळं झालं, आणि आरसी नावावर व्हायला नऊ महिने लागले. आधीच्या मालकाचं लोन फिटलेलंच नव्हतं, डीलरने त्या मालकाला पैसेच पूर्ण दिले नव्हते, आणि नऊ महिने माझा भाऊ दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवत होता, चलान त्या मालकाला जात होतं आणि तो भावाला शिव्या घालत होता. तेव्हापासून मी डीलरचं नाव डिलिव्हरीच्या दिवसावरून नाही, डिलिव्हरीनंतरच्या सहा महिन्यांवरून ठरवतो.

हे तपासायचं कसं तर गूगल रिव्ह्यू उघडले की पाच स्टारवाले सोडून द्या. 'अमुक भाईने खूप छान सर्व्हिस दिली' असे सेल्समनच्या नावासकट लिहिलेले रिव्ह्यू बरेचदा डिलिव्हरीच्या वेळी समोर उभं राहून लिहून घेतलेले असतात. एकाच आठवड्यात वीस रिव्ह्यू आणि मग तीन महिने काहीच नाही असं दिसलं तर तेही लक्षात घ्या. कमी स्टारवाले आधी लावा आणि त्यात तक्रार कशाबद्दल आहे ते बघा. वागणूक उद्धट होती, फोन उचलला नाही, हे मी सोडून देतो. आरसी ट्रान्सफर, टोकन परत न देणं, एनओसी, किलोमीटर, हे शब्द दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिले असतील तर तिथे जायचं नाही. दोन-तीन स्टारवाले रिव्ह्यू सगळ्यात कामाचे, त्यात माणूस रागात नसतो, खरं काय झालं ते लिहितो. आणि डीलरने उत्तर काय दिलंय ते वाचा, प्रत्येक तक्रारीला 'आमच्या नंबरवर संपर्क करा' एवढंच चिकटवलंय की खरंच प्रश्न सोडवल्याचं दिसतंय.

यानंतर कागदपत्रं. जीएसटीच्या सरकारी साइटवर नंबर टाकला की फर्मचं नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कोणालाही दिसतं. 'गेली वीस वर्षं या धंद्यात' म्हणणाऱ्याची नोंदणी मागच्या वर्षीची निघाली तर विचारा की आधीची फर्म कोणती होती आणि बंद का केली. नाव बदलून पुन्हा दुकान उघडणं या धंद्यात नवीन नाही. कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर स्थापनेची तारीख मिळते.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्राचे नियम आलेत, त्यात डीलरने आरटीओकडून अधिकृत असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं, आणि मालक गाडी डीलरच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म २९सी भरून तशी नोंद करायची असते, मग गाडी ताब्यात असेपर्यंत जबाबदारी डीलरची. सगळ्यांकडे हे प्रमाणपत्र असतंच असं नाही, पण विचारायचं. ज्याच्याकडे आहे तो लगेच दाखवतो.

तिसरा प्रश्न, आणि हा विचारायला लाजू नका: 'गाडी तुम्ही विकत घेतलीये की पार्क अँड सेल आहे?' महागड्या गाड्यांमधे पार्क अँड सेल खूप चालतं, म्हणजे गाडी मालकाचीच, डीलर फक्त उभी करतो आणि कमिशन घेतो. त्यात गैर काही नाही, पण मग पैसे कोणाच्या खात्यात जाणार, बिल कोण देणार, उद्या किलोमीटर खोटे निघाले तर उत्तर कोण देणार, हे लेखी घ्या आणि मालकाशी एकदा स्वतः बोला. मालकाशी बोलूच देत नसतील तर माझ्या लेखी तो डीलर बाद.

कंपन्यांचे स्वतःचे विभागही आहेत, पोर्शे अप्रूव्हड, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, ऑडी अप्रूव्हड प्लस. पोर्शेवाले १११ मुद्यांची तपासणी करतात आणि वॉरंटी देतात. भाव जास्त असतो. पहिलीच स्पोर्ट्स कार असेल आणि ओळखीचा चांगला मेकॅनिक नसेल तर ते जास्तीचे पैसे द्यावेत असं माझं प्रामाणिक मत आहे, फक्त वॉरंटीत काय येत नाही ते पान आधी वाचा.

फोनवर विचारायचे प्रश्न

मॉडेलची माहिती नसताना फोन केला तर समोरचा दोन मिनिटांत ओळखतो. पोर्शेची २००५ ते २००८ ची बॉक्स्टर किंवा केमन असेल तर आयएमएस बेअरिंगबद्दल विचारा, इंजिनच्या आतल्या मधल्या शाफ्टचं हे बेअरिंग गेलं तर इंजिनच जातं. २००९ च्या फेसलिफ्टपासून इंजिन बदललं आणि तो शाफ्टच राहिला नाही, म्हणून दोन वर्षांच्या फरकाला एवढी किंमत आहे. शिवाय पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागे रेडिएटर असतात, तिथे पानं आणि कचरा साचून सडतो, शेवटचं कधी साफ केलं ते विचारा. बॉक्स्टरच्या छपराचं पाणी वाहून जायच्या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरतं, आपल्या पावसाळ्यात तर हे हमखास तपासायचं.

टीटीचा गिअरबॉक्स सहा गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक, असेल तर त्याचं ऑइल आणि फिल्टर साधारण ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, त्याचं बिल मागा. २००९ ते २०१६ वाल्या झेड-फोरचं छप्पर पत्र्याचं, हायड्रॉलिकवर घडी होणारं, ते पाच वेळा उघडून-बंद करून बघा, थंड असताना आणि गाडी तापल्यावरही.

किलोमीटर फिरवलेत का हे मीटर बघून कळत नाही. अधिकृत वर्कशॉपमधे चेसिस नंबरवर सर्व्हिसचा इतिहास असतो, मालकाला त्याच्या ईमेलवरून मागवायला सांगा. बीएमडब्ल्यूच्या किल्लीत रीडिंग साठवलेलं असतं, अ‍ॅडव्हायझर किल्ली मशीनवर ठेवून बघतो. पोर्शेचा स्कॅन केला तर इंजिन किती तास चाललंय ते निघतं. मी बघितलेल्या एका केमनवर १८,००० किलोमीटर आणि १,६०० तास होते, म्हणजे ताशी सव्वाअकरा किलोमीटरचा सरासरी वेग. एवढ्या हळू तर मुंबईच्या ट्रॅफिकमधेही कोणाची गाडी वर्षानुवर्षं चालत नाही. मी डीलरला तो भागाकार मोबाइलवर करून दाखवला, तो म्हणाला 'सर, सॉफ्टवेअर अपडेटमुळे होतं असं', मी नमस्कार करून निघालो.

तपासणी आणि पैसे

एवढं सगळं जुळलं तरच गाडी बघायला जा. सकाळी जा, आणि आदल्या दिवशी सांगा की इंजिन थंड पाहिजे. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर सुरू करताना येणारा धूर किंवा आवाज त्यांनी आधीच घालवलाय. सोबत पेंटची जाडी मोजायचं मशीन न्या, कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनमधे असतो, एखाद्या पॅनलवर ४००-५०० आलं तर खाली पुट्टी आहे. लिफ्टवर घेऊन खालून बघणं तर सोडूच नका, आपल्या स्पीडब्रेकरांनी या गाड्यांचं खरं वय पोटाखाली लिहिलेलं असतं. आणि तपासणी अशा माणसाकडून करा ज्याचा त्या डीलरशी संबंध नाही. डीलर म्हणाला 'आमच्याच माणसाला दाखवा' किंवा 'गाडी बाहेर नेता येणार नाही', तर टोकन देऊ नका.

टोकन देताना व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घ्या की तपासणीत खोट निघाली किंवा लोनची एनओसी आली नाही तर टोकन पूर्ण परत. रोख मागत असतील तर नाही म्हणा, आयकर कायद्याप्रमाणे २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही, आणि रोख दिलेल्या पैशाचा पुढे पुरावा उरत नाही. बिलावर चेसिस नंबर, मीटरचं रीडिंग आणि 'अपघात झालेला नाही, पाण्यात बुडालेली नाही' हे वाक्य लिहून सही-शिक्का घ्या. तोंडी सगळेच सांगतात, लिहायची वेळ आली की खरं बाहेर येतं. माझ्या अकरापैकी चार व्यवहार या एका वाक्यावर थांबले.

लोन असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, बाकी गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. पैशातला थोडा भाग, समजा पाच टक्के, आरसी नावावर होईपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवा, चांगला डीलर कुरकुरेल पण मान्य करेल. फसवणूक झालीच तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगात चालतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तिथे तेव्हा हेच बिल आणि हेच व्हॉट्सअ‍ॅप उपयोगी पडतं.

मी शेवटी घेतली ती २०१२ ची झेड-फोर, नाशिकच्या एका लहान डीलरकडून, ज्याच्या शोरूमला एसीसुद्धा नव्हता. फोन केल्यावर पहिल्या दोन मिनिटांत त्याने स्वतःहून सांगितलं की डावा दरवाजा रंगवलेला आहे, २०१९ ला पार्किंगमधे घासला होता, आणि बिल पाठवलं. मशीन लावलं तर डावा दरवाजा ३१०, बाकी सगळे पॅनल १२० च्या आसपास. आरसी चौतिसाव्या दिवशी आली, त्याच संध्याकाळी त्याचे राखून ठेवलेले पैसे पाठवले. इन्शुरन्स मात्र डिलिव्हरीनंतर १४ दिवसांच्या आतच माझ्या नावावर करून घेतला होता, तुम्हीही त्यासाठी आरसीची वाट बघत बसू नका, त्या मधल्या दिवसांत गाडीला काही झालं तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.